पासंग

साक्री रस्त्याच्या अलीकडे, मिरचीच्या पथारीवर,
जमीन नजर जाईल तिथवर लाल.
बाया देठ खुडतात,
खोकतात, हसतात, पुन्हा खोकतात.
मी तोंडाला फडकं बांधून पोती शिवतो.
आधी मापाडी होतो. ते सांगायचंय.

नावं माझ्यावर पुष्कळ.
शाळेच्या दाखल्यावर सामा बोंड्या गावित,
मंडळीच्या वहीत शमुवेल योहान,
आणि शेठ म्हणतो मामा,
डोंगरावरून उतरलेल्या प्रत्येकाला म्हणतो तसं.
होळीच्या आधी चुलतभाऊ म्हणाले,
बापजाद्यांच्या पासंगालाही तू पुरणार नाहीस आता.
शहरातल्या चर्चमध्ये माझं मराठी ऐकून
एका बाईने मुलाला जरा जवळ ओढलं.

जातीच्या दाखल्याला गेलो तर
कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवला.
तुनं नाव हाई, बापनं नाव ते,
गळामा क्रूस.
तू शेस तरी कोन?
खिडकीचा गज धरून मी उभा.
मागे रांग वाढत होती,
आणि उत्तर तर मलाही हवं होतं.

बापाला रंगावलीत बुडवलं
तेव्हा तो हसतच वर आला म्हणे,
पायाला मासा घासून गेला म्हणून.
पाळक दर वर्षी म्हणायचे, बोंड्याभाऊ, साक्ष द्या,
त्या दिवशी काय झालं ते सांगा.
तो उठायचा, टोपी काढायचा,
म्हणायचा, मासा होता. मोठा.
आणि खाली बसायचा.
वहीत योहान झाला, घरी बोंड्याच राहिला,
दोन्हींत त्याला कधी काही टोचलं नाही.
नाताळला ढोल असा वाजवायचा
की कंदिलाची काच तडतडायची.

मला मात्र टोचायचं.

गेल्या पौषात शेठ हळूच म्हणाला,
मामा, पारड्याखाली बोट राहू दे,
पोत्यामागे अर्धा किलो.
राहू दिलं. तीन दिवस.
वीज पडली नाही. पगार वाढला.
रात्री ते बोट तेवढं जागं असायचं.
माझ्या नावाच्या त्या पोराला
अंधारात तीनदा हाक आली होती म्हणतात.
मला हाक नाही आली. खोकला आला,
मिरचीचा, नेहमीचा.
उठून पाणी प्यायलो, शेडमध्ये गेलो.

जुना काटा आढ्याला लटकत होता.
दोन्ही पारडी रिकामी
आणि तरी एक बाजू खाली.
कडूअप्पाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं,
रिकामा काटापण खोटं बोलतो, पोरा,
आधी पासंग बांध, मग माप.
चिंधीत गुंडाळलेला तो खडा अजून तिथेच होता,
सुपारीएवढा. काहीच वजन नाही त्याला.
मी तो हलक्या पारड्याच्या साखळीला बांधला.
दांडी बराच वेळ डुलत राहिली.

प्रार्थना म्हणता येईल असं काही बोललो नाही.
येशू, एवढंच म्हणालो,
जसा कुणी अंधारात घरात शिरताना
आत कोण आहे म्हणून नाव घेतो.
आत होतं कुणीतरी.
त्याने माझं नाव विचारलं नाही,
त्याला आधीपासून माहीत असावं,
सगळीच.

दांडी कधी थांबली, पाहिलं नाही.

सकाळी धडगावकडची एक म्हातारी आली,
गाठोड्यात साडेसात किलो.
साडेसातच म्हणालो, मोठ्याने.
शेठने माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे,
मग दुपारी काटा भाच्याच्या हाती दिला.
पगार कमी झाला. बायको दोन दिवस बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाली, भाकरी थापते, बस.

यंदा नाताळला बापाचा ढोल मी काढला.
ताल चुकला. दोनदा चुकला.
त्या बाईचा मुलगा बाकाखालून सरकत
पुढे येऊन बसला, कान झाकून, खूश.

दाखला अजून आलेला नाही.
कारकून म्हणतो, ये पुढच्या सोमवारी.
जातो.
दाभणात सुतळी ओवताना
हात हलत नाही हल्ली.