पुढच्या अंकात

बेर्तोचा मामा तारवटी. रॉटरडॅमला
कुणाच्या तरी रिकाम्या केबिनीत, गादीखाली
सापडलेला हा अंक, एकसष्टावा,
त्यानं चीझच्या डब्यासोबत कुडचड्याला आणला.
मुखपृष्ठावर ड्रॅगन, त्याच्या पंखामागे
कपाच्या बुडाचा गोल डाग.
कित्येक दिवस आम्ही त्याला चंद्र समजत होतो.

नियमांचं पुस्तक वेगळं मिळेल, असं आत छापलं होतं.
कुठे, ते मडगावच्या पुस्तकवाल्यालाही ठाऊक नव्हतं.
मग जाहिरातींतून, वाचकांच्या भांडखोर पत्रांतून
आम्ही नियम वेचले,
ओहोटीला रेतीतून तिसऱ्या वेचाव्यात तसे.

वीस बाजूंचा फासा नव्हता.
फेस्ताला तोंबोला खेळतात त्या लाकडी गोट्यांतून
पिएदादबायनं एक ते वीस काढून दिले.
चौदा हरवला होता.
आमच्या जगात चौदा कधीच पडला नाही.

सूत्रधार मी, कारण इंग्रजी त्यातल्या त्यात मला येई.
बेर्तो चोर.
फोंडू महायोद्धा, पण आठाच्या आत घरी.
सुलक्षाला पात्रच नको होतं.
मी नुसती सोबत येते, म्हणाली.
बाहेरून खनिजाचे ट्रक जात, एकाला लागून एक,
आणि धूळ बसे राजवाड्यांवर, नकाशांवर.
अजून अंक उघडला की बोटं तांबडी होतात.

पान सदतीस. सीमेवरचा राक्षस.
हातात काठी. रात्री गावाभोवती फिरतो.
प्राण चौसष्ट.
मी मराठीत सांगत होतो, शब्द अडला,
तोंडातून निघून गेलं: देवचार.

फोंडूचा हात पिशवीतच राहिला.
"देवचाराक मारिनात," सुलक्षा म्हणाली.
"रोट देतात त्याला. विडी देतात. वाट विचारतात."
मी पानं उलटीपालटी केली.
तलवारीला नियम होता, आगीला होता,
विषाला तर अख्खा तक्ता.
रोटाला नव्हता.

आम्ही संपादकांना पत्र लिहिलं:
समोरच्याला न मारता खायला दिलं तर गुण किती?
तिकिटांना फोंडूचे फेस्ताचे पैसे गेले.
उत्तर आलं नाही. अंक नऊ वर्षं जुना होता,
ती तारीख आम्ही वाचलीच नव्हती.

पण त्या संध्याकाळी त्यानं रोट घेतला
आणि काठी उचलून दार दाखवलं,
सुलक्षाला, फक्त तिला.
तिथंच अंक संपतो. खाली बारीक अक्षरांत:
दारामागे काय, ते पुढच्या अंकात.

पुढचा अंक कुठल्या बोटीनं आणला नाही.
खाण बंद झाली. फोंडूच्या बापाचा ट्रक
अंगणात उभा राहिला, चाकांतून वेल निघेपर्यंत.
बेर्तो पोर्तुगीज पासपोर्टावर स्विंडनला,
गोदामात, रात्रपाळीला.

परवा मध्यरात्री त्याचा फोन.
"मेळ्ळो रे! बासष्टावो!
जुन्या पुस्तकांच्या दुकानात, दोन पौंडांना.
दारामागे काय, सांगू?"

रस्ता मोकळा होता. कुत्रंसुद्धा नव्हतं.
थांब, म्हटलं. सुलक्षा हॉस्पिसियोत ड्युटीवर आहे,
सकाळी सुटेल. दार तिला दाखवलंय.
तोवर पान मिटून ठेव.

पलीकडे कागद वाजला.
मिटला की उलटला,
कळलं नाही.