मुंडकार

एकवीस वर्षं डिचोलीच्या मामलेदार कचेरीत
मी मुंडकारांच्या फायली लावतो आहे.
घर त्यांचं, भाट दुसऱ्याचं.
एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव नाही,
तरी चुलीतली राख रोज तेच काढतात.

म्हणून बांबोळीला डॉक्टर मिनेझिसनी
चिठ्ठीच्या पाठीमागे लांबलचक धागे काढले,
बाजूला एक कडं,
आणि म्हणाल्या, आपण पाठवलेलं जनुक
ह्या धाग्यांत शिरत नाही,
शेजारीच राहतं, आपलंच शेपूट तोंडात धरून,
पण काम करतं,
तेव्हा माझ्या तोंडून निघालं: मुंडकार.

त्या हसल्या. मग म्हणाल्या,
लोटलीला आमच्या भाटात सात घरं होती,
आणि पेन बंद केलं.

विषाणू आता नाहीच. त्याचं टरफल
गाभ्यात शिरताना फुटलं.
पण साईलच्या रक्तानं ते टरफल ओळखून ठेवलंय,
पुन्हा आलं तर उंबऱ्यावरच मारतील.
डोस एकदाच.
आत आहे तेवढंच.

पेशी दुभंगत गेली की कडं विरत जातं,
वाटणीच्या कागदात मुंडकाराला कोण विचारतो?
स्नायूचा तंतू मात्र दुभंगत नाही.
एकेका तंतूत शेकडो गाभे,
बांधावरच्या घरांसारखे कडेकडेनं,
त्यांतल्या काहींत दिवा.
तंतू फाटला तर तो दिवाही गेला.
जागा भरतील राखीव पेशी,
त्यांनी ह्याला पाहिलेलंही नसेल.
हे कळल्यापासून मी देवळाच्या पायऱ्यांवर
ओरडतो त्याच्यावर, सावकाश.
तो ऐकत नाही. अकरा वर्षांचा आहे.

चार वर्षांनी मांडीतून
तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला.
कडी सापडली. आधीपेक्षा कमी.
किती वर्षं टिकतील?
कुत्र्यांत बरीच टिकली, म्हणाल्या.
माणसांत अजून मोजतोच आहोत.

जागेच्या पाहणीला गेलो
की मी आधी कागद मागत नाही.
मागल्या दारी जातो,
चुलीवरची कौलं काळी आहेत का बघतो.

काल जेवल्यावर साईल जमिनीवरून उठला,
एक हात मांडीवर रेटून.
पूर्वी दोन लागायचे.
मी ताटं उचलली,
काही बोललो नाही.