बाहेरची खुर्ची

डंडीत साडेतीनलाच दिवेलागण.
बंद दाराबाहेर मी,
मांडीवर त्याचा कोट.

'आई, तू नको आत.'
कानदुखीपासून गालगुंडांपर्यंत
त्याचं दुखणं मीच सांगत आले डॉक्टरांना.
हे मला ठाऊकच नव्हतं.

शाळेतल्या नर्सकडे तो आपणहून गेला, सप्टेंबरात.
तेव्हा मी ओरडत होते,
किती लोळशील, डबा तसाच कसा परत येतो?

कोटाच्या खिशात घडी केलेला कागद.
'काय सांगायचं':
एक, झोप नाही.
दोन, गणिताच्या तासाला हात थरथरतात.
तीनपुढे इतकं खोडलंय की भोक पडलंय.

नेऊन देऊ का आत?
उठले.
दारापाशी त्याचा आवाज आला, नुकता फुटलेला,
थांबत, पुन्हा सुरू होत.
शब्द कळले नाहीत.

कागद होता तसा खिशात ठेवला.