दोन आडव्या रेघा

खानापूरच्या स्टँडसमोर, अर्ध्या शटराखालून
वाकून आत आले की आधी काळी चौकट उघडते.
ब्राउझरचं नाव, मोकळी जागा,
दोन आडव्या रेघा,
प्रोफाइल-डिरेक्टरी, बरोबरचं चिन्ह,
अवतरणात कोण ते.
एंटर.

पहिली खिडकी कन्नड: उतारे, रेशन, जातीचे दाखले.
दुसरीत कोल्हापूरच्या कॉलेजांचे फॉर्म.
तिसरी कॅथरीन सोजची. नवरा कुवेतला,
गुरुवारी येते, स्क्रीन तिकडं वळवून घेते.
चौथी माझी.
एकीचं दुसरीला कळत नाही,
चारी एकाच पंख्याखाली.

आतल्या फोल्डरचं नाव मात्र वेगळंच.
वर मी "कन्नड" लिहिलंय,
आत ते अजून "प्रोफाइल दोन".
इथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही:
घरात गावाचं एक नाव, पाटीवर दुसरं.

लुमाण्णा हुंदरे कौलांच्या भट्टीवरून थेट आला,
भुवयांवर लाल धूळ.
"अक्का, झालं काय माझं?"
आधारवर हुंदरे. उताऱ्यावर हुंद्री.
बापाच्या मृत्यूच्या दाखल्यात तर कुणा शहाण्यानं
लुमाण्णाचा लक्ष्मण करून टाकलेला.
"साहेब म्हणतोय, ही तीन माणसं आहेत,
तिघांनाही घेऊन या."

कन्नड खिडकी मघाशी आपोआप मिटली होती.
हसत हसतच पुन्हा टाइप केलं,
एक अक्षर चुकलं.
वाटलं, आता ओरडेल लाल अक्षरांत.
नाही ओरडलं.
त्या चुकलेल्या नावाचा नवा माणूस
गपगुमान उभा केला त्यानं:
इतिहास कोरा, पासवर्ड एकही नाही,
कुठं कधी गेलाच नाही असा.

लुमाण्णा काउंटरवरून वाकला.
"हे कोण म्हणायचं?"
कोण नाही, म्हटलं. चुकून झालंय.
"चुकून झालेल्याला पण खिडकी देतंय की हे!"

मग नीट नाव घालून
त्याचा अर्ज कन्नडमधूनच भरला.
शपथपत्र, दोन साक्षीदार, तीस रुपये.
पावती त्यानं बनियनच्या आत ठेवली, घामाला लागून.

तो कोरा माणूस मी पुसला नाही.
दुपारी लाइट असते, गिऱ्हाईक नसतं,
तेव्हा मुद्दाम तेच अक्षर चुकवते
आणि बसते जरा वेळ त्याच्यात,
काहीच न शोधता.