ओरखडा

तीनशे प्रती निघाल्या होत्या म्हणतात,
चार गाण्यांच्या एकुलत्या तबकडीच्या.
जांभळ्या कव्हरावर वडाळ्याचं मिठागर
आणि वर तिरकं नाव : सॉल्ट पॅन.
त्यातली एक आली आमच्याकडे, नायगावच्या पोलीस लाइनीत,
जिथे रेडिओसुद्धा दबकून बोलायचा.

वडील हवालदार. त्या चौघांना त्यांनी माझ्याआधी पाहिलं,
रंगभवनला बंदोबस्तावर असताना.
घरी येऊन पट्टा सोडता सोडता म्हणाले,
"एक पारशी पोरगा ढोल असा बडवत होता,
जशी त्याच्याकडून कबुली काढायचीय."
आईनं विचारलं, "मग दिली का त्यानं?"
वडील काही बोलले नाहीत.
आंघोळीला गेले, आणि बराच वेळ मोरीतून
पालथ्या बादलीवर बोटं वाजत राहिली.

आम्ही वेडे पाच-सहा जण.
बेबी घैसास, जिला फक्त गायक दिसायचा;
त्याचा घसा बसला की हिला ताप.
मुरुगेश, अँटॉप हिलचा,
फ्रेडूनच्या मोडक्या काठ्या मोज्यात घालून जपणारा.
मी ग्लॅडविनचा, गिटारवाल्याचा.
बॉस्कोचं कुणीच नव्हतं.
बेस वाजवणाऱ्याचं कोण असतं?
तो दुबईला गेला तेव्हा कळलं,
गाण्याखालची फरशीच तो होता.

फाइव्ह गार्डनच्या बाकावर भांडायचो.
तिसऱ्या गाण्यातल्या एका सुरावरून
बेबीनं माझ्याशी तीन महिने अबोला धरला.
इंग्रजी शब्द निम्मे कळायचे नाहीत,
तिथे आम्ही आमचे घातले,
आणि तेच जास्त बरोबर वाटायचे.

मग ते मोडलं. कुणी म्हणालं पैशावरून,
कुणी म्हणालं बाईवरून.
फ्रेडून म्हणाला, ढोल ठेवायला जागा नव्हती.

चव्वेचाळीस वर्षांनी मुरुगेशनं पत्ता काढला :
गोराई, जेट्टीपासून दहा मिनिटं,
भोपळ्याच्या वेलामागचं घर.
दारात आम्ही तिघं, केस रंगवलेले,
हात मिळवावा की पाया पडावं ठरेना.
बेबीनं नारळ पुढे केला.

ग्लॅडविनकडे स्वतःची तबकडी नव्हती.
"पुरात गेली," म्हणाला,
"तिसऱ्यातला तो लांब तुकडा कसा होता रे?
हात विसरला माझा."

पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेला मी,
गिटारला जन्मात हात न लावलेला,
त्याच्या ओट्यावर डोळे मिटून
त्याचा तुकडा त्याला तोंडानं वाजवून दाखवू लागलो.
तो गंजक्या तारांवर मागून मागून येत होता,
चुकत, सापडत,
आणि मध्येच थांबला.

"हे काय? तोच सूर तीनदा,
मग एकदम उडी?
हे मी वाजवलंच नाय."

मुरुगेश माझ्याकडे बघायला लागला.
मला घाम फुटला.
माझ्या तबकडीवरचा ओरखडा.
शहात्तर साली एका सकाळी तो तिथे होता,
मी घर डोक्यावर घेतलं,
आदल्या रात्री सुई कुणी लावायला गेलं,
कुणाच्या हातून निसटली,
कुणी हूं की चूं केलं नाही.
उशिरा ड्यूटीवरून आलेलं माणूस घरात एकच होतं.
ते खाली मान घालून बूट पुसत बसलं.

इतकी वर्षं मी ज्याला ग्लॅडविन समजत होतो
त्यात एवढं माझ्या घरचं होतं.

"माफ करा," मी म्हटलं.
पण तो ऐकत नव्हता.
त्यानं तोच सूर तीनदा छेडला. मग उडी.
पुन्हा एकदा. मग उडी.
"चांगलं हाय पण," म्हणाला, "कोणी बसवलं?"

मी उभा राहिलो, का कोण जाणे, ताठ.
"हवालदार धाकू रेवाळे," म्हटलं,
"नायगाव. बक्कल नंबर सतराशे बारा."

त्यानं मान डोलावली,
आणि तिथूनच पुढे सुरू केलं.