टाचेची कड

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक.
कुठे झिजतो, ते मला.
एकेचाळीस वर्षं फ्लोरेस बेटावर
मी लोकांचे तळ पाहतोय, तेही उलटे करून.

पोस्टातल्या गौदेन्सिओच्या उजव्या बुटाचं नाक
घासून पांढरं झालं, डाव्याचं कोरं.
पाऊल वर यायचं विसरलं होतं;
त्याला स्वतःला कळलं वर्षाने.
म्हाताऱ्या इरेनियाच्या सपाता पुढून गुळगुळीत,
टाच मात्र तशीच.
पाय उचलतच नाही, सरपटतो,
आणि दारात थिजतो,
उंबऱ्याने नाव विचारल्यासारखा.

पण झेफेरिनुचे बूट मला वाचता आले नाहीत.
आज बाहेरची कड, महिन्याने आतली,
मग अंगठ्यावर दुसऱ्या पायाचा ओरखडा.
झिजण्यालाही नेम असतो. इथे तोच नव्हता.
तो पाय फाकवून चालायचा,
होडीतून उतरलेला माणूस
पहिलं मिनिटभर चालतो तसा;
त्याचं ते मिनिट अठरा वर्षं चाललं.
बटण लावताना बोटं बटणाच्या पुढे निघून जायची.
जीभ जड.
धक्क्यावर लोक म्हणत, सकाळीच लावून आलाय.
थेंबाला शिवला नव्हता तो.
पाद्री प्रवचनात म्हणाले, वाकडं पाऊल,
नाव न घेता.
मी मागच्या बाकावर होतो.
मीही मान हलवली.

आज त्याची फेलिस्बेला आली. शाळेत शिकवते.
तपकिरी जोडा ठेवला: टाच बदला.
मार्चमध्येच बदलली होती.
मी चष्मा पुसला, जोडा उलटा केला.
बाहेरची कड. आतली. अंगठ्यावर ओरखडा.

म्हणालो, चामडंच हलकं निघालं असेल.
आणि हातोडी बोटावर मारून घेतली.

ती हसली नाही.
"फळ्यावर मुलांना वर्तुळ काढून दाखवते, मेस्त्री,
शेवट सुरुवातीला भेटत नाही.
जिना उतरताना कठडा लागतो,
अंधारात भिंत.
तोंड धुताना डोळे मिटले
की बेसिन धरावं लागतं.
आई म्हणते, झोप कमी पडते.
म्हणून जोडा तुमच्याकडे आणला.
टाचेचं निमित्त."

वरच्या फळीवरून मी ती जोडी काढली
सोळा वर्षं कुणी न्यायला न आलेली.
धूळ झटकली नाही.
शेजारी ठेवली, तळ वर.

बराच वेळ ती बघत राहिली.
धुक्यात हायड्रेंजियाचं कुंपण दिसेनासं झालं,
कुणाची तरी गाय हंबरली.

मंगळवारी मोठ्या बेटाचं विमान आहे, मी म्हणालो,
धुकं उठलं तर.
तिथे डॉक्टर नाव सांगतील. माझ्याकडे नाव नाही.
मी टाच रुंद करून देतो, खाली रबर.

किती झाले? ती पर्स उघडते,
चेन दोनदा हातून निसटते.

पैसे राहू दे.
या फरशीच्या रेघेवरून दारापर्यंत चाल,
टाचेला चवडा लावून.
पडलीस तर धरतो.
मला बघू दे. या वेळी
नीट बघू दे.