जबानी, कोरी जागा सोडून

नाव नंतर लिहा, कारकून.
लुगड्यांच्या वाटपाच्या वहीत सापडेल,
जाड्याभरड्याच्या यादीत, तिसऱ्या ओळीत.
माझ्या जिभेवर ते आता नाही.

वाड्यातल्या हौदाला कान आहे.
कात्रजच्या तळ्यापासून जमिनीखालून नळ येतो,
वाटेत त्याला श्वास घ्यायला दगडी उसासे बांधलेत.
तिसऱ्या उसाशात उतरून तो गाळ काढायचा.
मी इथे घागरी भरायचे.
एकदा मुदपाकखान्यातून ओरडून कुणी विचारलं, काय संपलंय,
आणि मी हौदावर वाकूनच सांगितलं
ते, जे पानात सगळ्यात आधी वाढतात, डाव्या हाताला, चिमूटभर.
शब्द घागरीतून निसटला,
प्रवाहाच्या उलट तीन कोस चढून गेला.
संध्याकाळी हौदातून हसू आलं. नुसतं हसू.
हसण्याला मोल पडत नाही.
शब्द सोडला की मात्र तो गेला.
त्या दिवसापासून जेवताना मी बोट दाखवते.

पुढच्या चैत्रात मी माझं नाव सोडलं.
त्याने ते एकदाच परत म्हटलं,
हौद शहारला,
आणि ते दोघांकडेही उरलं नाही.
मग त्याने त्याचं सोडलं.
ते मी जपलं. चुलीपाशी म्हणायचे, जात्यावर म्हणायचे,
हौदाजवळ आले की ओठ मिटून घ्यायचे.

मग ती पाचवीची रात्र.
धाकट्या वहिनीसाहेबांच्या खोलीत सटवाईसाठी
कोरा कागद, बोरू, दौत मांडलेली,
पाच दिवसांचा गादीचा वारस सुपात निजलेला.
मी खाली नरसोपंतांना पंखा ढाळत होते.
पंखा ढाळणारीला कान असतात
हे कारभाऱ्यांना कधी सुचत नाही.
“पहाटे बाळंतिणीचं न्हाणं. त्याआधी चौथ्या उसाशात पुडी.
नळ गढूळ का आला, पुण्यात कोण विचारतंय?”
समोरचे पाहुणे विडा लावत होते.
चुना जास्त झाला म्हणाले. एवढंच.

तीन शब्द लागणार होते.
एक, जे नळातून येतं ते.
एक, दाराला कडी घालताना म्हणतात तो.
आणि हाक. हाकेशिवाय तो उठला नसता,
वैशाखाची रात्र, दिवसभर गाळात उभा राहिलेला माणूस.
हौदावर वाकले. दोन सहज गेले.
तिसरा मी दातांत धरून ठेवला होता,
वर बाळ रडलं तेव्हा सुटला.

पहाटे हौद कोरडा ठणठणीत.
मूल जगलं. परवा ज्यांच्या घोड्याला तुम्ही मुजरा केलात, तेच.

त्याला दिल्ली दरवाजातून आणलं, गुडघ्यापर्यंत चिखल.
तेवढंच एकदा मी त्याला पाहिलं.
कानाची एक पाळी जरा फाटलेली, हे मला ठाऊक नव्हतं.
पंतांनी विचारलं, नळ अडवायला कुणी सांगितलं?
गप्प.
तुझं नाव काय?
गप्प.
कुणी म्हणालं निगरगट्ट, कुणी म्हणालं इमानी.
त्याच्याकडे काय काय उरलं नव्हतं, ते मलाच माहीत.
मी खांबाआड, हातात समई,
आणि हाक मारायला तोंडात नुसती हवा.

पंत मेले, म्हणून आज तुम्ही विचारताय.
अर्ज तेव्हाच का नाही केला?
नावाशिवाय अर्ज घेतं का तुमचं दफ्तर?
जेजुरीला गेले होते मी.
सोन्याच्या रंगात न्हालेले हजारो लोक
त्यालाच हाक मारत होते, देवाला म्हणून.
मी मुठी उधळून उतरले.

सिंहगडाच्या कैद्यांची जुनी यादी काढा.
एका ओळीत जागा कोरी असेल.
मोडीत हात उचलत नाहीत, ठाऊक आहे,
पण तिथे कुणाला तरी उचलावा लागला असेल.
जेजुरीवरचं ते नाव तिथे भरा.
आणि इकडे या, हौदापासून लांब,
हळू वाचा.
दोनदा वाचा.